चिमूटभर मीठ, भांडं मोठं

याकोब मास्तरांना चिमूटभर मीठ हवं असायचं, पण ते भगुन्यात.

मी कॉलेजसाठी उदगीरला येऊन दोनच दिवस झाले होते. महादेवी आक्कांच्या किराणा दुकानामागची खोली भाड्यानं मिळाली होती. सकाळी दार वाजलं. दारात एक उंच, वाळलेले म्हातारे गृहस्थ टाचा जुळवून, छाती पुढं काढून उभे. कडक इस्त्रीची खाकी पँट, पांढरा सदरा आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी. मला वाटलं, कॉलेजातून माझी चौकशी करायला कुणी आलं असेल. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळं कॉलेजात काय काय करतात हे मला माहीत नव्हतं.

"नवीन हाय का?"

"हो."

"कुठलं गाव?"

"जळकोटच्या अलीकडं."

"कॉलेजला?"

"हो, सर."

"सर नगं. मास्तर. एवढी मेहरबानी करा, चिमूटभर मीठ द्या."

मी पुडा आणला आणि त्यांच्या हातावर मीठ ठेवायला लागलो. त्यांनी हात झटकन मागं घेतला.

"हातावर मीठ देतेत का? भांड्यात द्या. तुमच्याच भांड्यात. माझं आणायचं राहिलं."

मी वाटी आणली. त्यांनी ती निरखून पाहिली. "याहून मोठं न्हाई?"

माझ्याकडं एकूण एक ताट, एक वाटी आणि एक भगुनं होतं. मी भीत भीत म्हणालो, "भगुनं आहे, पण..."

"हां. त्यात द्या."

भगुन्याच्या तळाशी ते मीठ दिसतसुद्धा नव्हतं. मास्तरांनी भगुनं दोन्ही हातांत धरलं, जागच्या जागी वळले आणि लेफ्ट-राइट करत निघून गेले. त्या संध्याकाळी चहा कशात करायचा, हा प्रश्न मला पडला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर भगुनं उंबऱ्यावर होतं. घासून लख्ख केलेलं. आत शेवग्याच्या चार शेंगा. मी प्रामाणिकपणे त्या शेंगा उचलल्या आणि गल्लीच्या टोकाला मास्तरांचं घर विचारत गेलो.

"मास्तर, तुमच्या शेंगा माझ्या भगुन्यात राहिल्या."

"माझ्या कशा?" ते माझ्याकडं वेड्याकडं पाहावं तसे पाहू लागले. "भांडं कुणाचं?"

"माझं."

"मग भांड्यातलं कुणाचं?"

 "रिकामं परत करणं म्हणजे बेइज्जती," असं म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

खरं तर यात नवीन काही नव्हतं. उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आमच्या गावातही पाळतात. काहीच नसलं तर बाया त्यात चिमूटभर साखर टाकतात, नाही तर दोन हिरव्या मिरच्या. पण हा माणूस उसनं मागायलाच का येतो, आणि तेही भांड्याचं माप बघून का, हे मला समजेना. मला आधीपासून प्रश्न विचारायची सवय. वर्गात धीर होत नाही, बाहेर होतो. मी आक्कांना विचारलं.

"तो मागत्या मास्तर?" आक्का तराजू पुसत म्हणाल्या. "शाळेत ड्रिल शिकवायचा. पेन्शन खातो. बायको गेली, लेकरू न्हाई. अन् गल्लीभर मागत फिरतो. मागच्या हप्त्यात सुई मागाय आला. म्हणला, आक्का, परातीत द्या."

"सुई? परातीत?"

"पाटलाच्या घरी कढीपत्त्याचं एक पान मागितलं. एक पान! अन् ते कळशीत."

आक्का शिवाच्या भक्त. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, सोवळं कडक. मास्तर मिशनच्या चर्चमधले. चर्चची घंटाही तेच वाजवायचे. त्यामुळं सुरुवातीला आक्कांनी त्यांना कान तुटलेल्या कपात मीठ दिलं होतं आणि वरून सांगितलं होतं, "कप परत आणू नका हो."

मास्तरांनी कप परत आणला. शेंगदाणे भरून दुकानाच्या कट्ट्यावर ठेवला. आक्कांनी दोन दिवस त्याला हात लावला नाही, शेंगदाणे चिमण्यांनी खाल्ले. मास्तर पुन्हा आले, पुन्हा मीठ मागितलं. पुन्हा तोच कप, पुन्हा शेंगदाणे. "तिसऱ्या टायमाला मी म्हणलं, मीठ माझं, कप माझा, मग शेंगदाणे चिमण्यांचे कसे?" असं सांगून आक्का स्वतःच हसल्या. आता त्या स्टीलच्या डब्यात मीठ देत. "मीठ माझ्या दुकानातलंच घेतो म्हणा," त्या पुढं म्हणाल्या, "पण पैशानं घेत न्हाई कधी. मागूनच."

मग माझ्या हातून एक घोटाळा झाला. मला वाटलं, म्हातारा माणूस, पेन्शन ती केवढी, आणि प्रत्येक वेळी भांडं भरून द्यायचा भार कशाला? पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी मीठ वर्तमानपत्राच्या कागदात छान बांधून तयार ठेवलं होतं. मोठ्या आदरानं पुडी पुढं केली. "मास्तर, हे घ्या. परत करायची काही गरज नाही."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांचा अपमानच केला.

"पुडी?"

"हो, म्हणजे तुम्हाला त्रास नको म्हणून..."

"कॉलेज," ते म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव कॉलेज पडलं. "कॉलेजात हेच शिकवून राहिलेत का? पुडी परत कशी करायची मी? कागद धुऊन, इस्त्री करून?"

पुडी माझ्या हातावर आपटून ते उलटे वळले. जाताना लेफ्ट-राइटसुद्धा चुकलं.

मी फार ओशाळलो. रविवारी त्यांची समजूत काढायला चर्चकडं गेलो. मी तोवर कधी चर्चमध्ये गेलो नव्हतो. चप्पल कुठं काढायची, हात जोडायचे का, काही माहीत नसल्यामुळं बाहेरच्या पायरीवरच बसून राहिलो. प्रार्थना संपली, लोक गेले. मास्तर घंटेचा दोर गुंडाळून माझ्या शेजारी येऊन बसले. गल्लीतली दोन पोरं मागं लागली होती, "मास्तर, शिट्टी वाजवा की!"

"सुट्टीवर हाय ती," मास्तर म्हणाले. हे उत्तर ते सगळ्याच पोरांना द्यायचे. शिट्टी रोज गळ्यात, पण वाजलेली कुणी ऐकली नव्हती.

पोरं गेल्यावर मी धीर करून विचारलं, "मास्तर, तुम्हाला द्यायचंच असतं, तर सरळ का देत नाही? आधी मागता कशाला?"

 त्यांनी गळ्यातली शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली.

"मागं एक दुष्काळ पडला होता. तू लहान असशील. मिशनकडं दुधाची भुकटी आली. वाटायचं काम माझ्याकडं. मी ड्रिल मास्तर, मग काय! लाइन लावली. शिट्टी मारली की एक माणूस पुढं, पुन्हा मारली की पुढचा. लई शिस्तीत चाललं होतं. चर्चच्या पाळकसाहेबांनी शाबासकी दिली."

"मग?"

"मग लाइनीत एक सुतार आला. माझ्या घराचं दार त्यानंच केलंय. मजुरीबी कमी घेतली होती. हातात भुकटी न्यायला गडवा. त्याची पाळी आली, मी त्याच्या तोंडाकडं बघून शिट्टी मारली." मास्तरांनी पायरीवरची धूळ तळव्यानं पुसली. "त्यानं गडवा उपडा केला अन् निघून गेला. घरात लेकरं होती त्याच्या. दूध काही मिळालं न्हाई त्याला, शिट्टी तेवढी मिळाली."

मी त्यांच्या गळ्यातल्या काळ्या दोरीकडं पाहत राहिलो.

"आमचा प्रभू एकदा दुपारचा विहिरीवर बसला होता," ते पुढं म्हणाले. "एक बाई पाण्याला आली. दुसऱ्या जमातीची. तिच्या भांड्याला त्याच्या लोकांनी तोंड लावू नये, असा रिवाज. तिला द्यायला त्याच्याकडं लई मोठं काही होतं. पण आधी त्यानं काय केलं? तिच्याकडंच पाणी मागितलं. ती बाई चाट पडली. अरे, ज्याच्याकडं मागतेत ना, त्याची मान ताठ राहती. मी मीठ मागतो तेव्हा देणारा तू असतोस. मी निस्ता भांडं परत करणारा."

मग आपल्या छातीवर दोन बोटं आपटून म्हणाले, "अन् हेबी उसनंच हाय, कॉलेज. ज्याचं त्याला एक दिवस द्यायचं. रिकामं नेलं तर तो काय म्हणंल?"

त्या वर्षी पाऊस नीट पडलाच नाही. नुकताच लातूर जिल्हा नवीन झालेला. कचेऱ्यांच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून तिथं लातूर रंगवलं जात होतं. पाट्या कोऱ्या झाल्या आणि शेतं करडी झाली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. माय आणि माझे वडील, दादा, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायला लागले.

माझं जेवण गावाहून एस.टी.नं यायचं. सगळ्याच खेड्यातल्या पोरांचं तसंच. आई सकाळी डबा भरून गाडीत ठेवणार, पोरगा दुपारी स्टँडवर उतरवून घेणार आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत. आमचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, मोठा डबा होता. त्यावर गावातल्या पेंटरनं लाल रंगात लिहिलेलं: व्यंकट, उदगीर, जि. उस्मानाबाद.

डबा हलका होत गेला. आधी भाजी गेली, मग चटणी आली, मग भाकरी पातळ झाल्या. एके दिवशी डब्यात दीड भाकरी निघाली. अर्धी मायनं खाल्ली असेल आणि उरलेली घातली असेल, असा विचार माझ्या मनात आला आणि मी डब्याला झाकण लावलं. मी मास्तरांकडं गेलो.

"मास्तर, मी कॉलेज सोडतो. माय-दादा खडी फोडून राहिलेत, आणि मी इथं सावलीत बसून त्यांच्या भाकरी खातोय. परीक्षेचं पुढच्या वर्षी बघू."

मला वाटलं ते समजावतील. पण ते माझ्या हातातल्या डब्याकडं पाहत होते.

"कॉलेज, तुझा डबा चुकीच्या जिल्ह्यात राहून राहिला."

"काय?"

"उस्मानाबाद लिहिलंय. उदगीर आता लातुरात. हा डबा हरवला तर कुणाच्या जिल्ह्यात जाईल? दे इकडं, दुरुस्त करतो. संध्याकाळच्या गाडीत मीच ठेवीन. मला तिकडं जायचंच हाय."

माझ्या कॉलेजचं काही बोललेच नाहीत. मला थोडा रागही आला. दुसऱ्या दिवशी डबा आला तेव्हा उस्मानाबादवर काट मारून त्याखाली ठसठशीत लातूर लिहिलेलं होतं. पण मास्तरांचं समाधान झालं नव्हतं. "रंग ओला हाय, दुसरा हात द्यावा लागंल," म्हणून डबा पुन्हा घेतला. मग 'जि.'नंतरचा ठिपका पुसट वाटला म्हणून. मग तालुका लिहायचा राहिला म्हणून. रोज संध्याकाळी डबा त्यांच्याकडं जायचा आणि तेच तो गाडीत ठेवायचे. एवढा सरकारी कारभार एका डब्याच्या वाट्याला कधी आला नसेल.

काही दिवसांनी दुपारची गाडी स्टँडवर लागली आणि कंडक्टर दारात उभा राहून ओरडला, "व्यंकट कोण हाय रे? लातूर जिल्ह्याचा व्यंकट!"

डबे न्यायला आलेली सगळी पोरं हसली. मी पुढं झालो.

"तुझ्या मायचा निरोप हाय. म्हणती, स्वतः उपाशी राहून डब्यात पीठ पाठवू नको. रोज रोज कुठून आणून राहिलास म्हणती. पोटाला चिमटा घेऊन दुसऱ्याला देशील तर याद राख, म्हणली."

"पीठ?" मी म्हणालो. "मी कुठं पाठवलं?"

मागं वळून पाहिलं तर मास्तर वेळापत्रकाच्या फळ्यासमोर उभे राहून ते मन लावून वाचत होते. त्या फळ्यावरची एकही वेळ कधी खरी ठरली नव्हती.

"मास्तर, डब्यात तुम्ही काय घालता?"

"मी? रंग."

"आत?"

"आत रंग लागत न्हाई."

"मग पीठ कुठून येतं?"

"तू मला मीठ दिलं होतंस का न्हाई?"

"चिमूटभर!"

"मग?" ते म्हणाले आणि पट्टा वर ओढून चालू लागले. तेव्हा मला ते दिसलं. त्यांच्या खाकी पँटला कमरेभोवती बारीक चुण्या पडल्या होत्या. मी त्या शिवणीच्या समजत होतो. पट्टा आवळून आवळून त्या पडल्या होत्या. मायचा निरोप अगदी बरोबर माणसाच्या कानावर पडला होता, फक्त नाव माझं होतं.

मी आक्कांना सांगितलं. त्या लगेच पोळ्यांचं ताट घेऊन गेल्या. मास्तर दारातच सावधानमध्ये उभे. "आत्ताच जेवलो." पाटलीणबाईंनी भाकरी नेली. "दात दुखून राहिलाय." पाळकसाहेबांनी घरी जेवायला बोलावलं तर म्हणाले, उपास आहे. शेवटी आक्का चिडल्या, "घ्या तरी, भांडं सावकाश द्या!" तर म्हणाले, "नगं, माझ्याकडं आधीच लोकांची भांडी लई झालीत."

शनिवारी मी गावी गेलो आणि मायला सगळं सांगितलं. ती चुलीपाशी बसून ऐकत होती. पीठ मी पाठवलं नाही हे ऐकून तिची थोडी निराशा झाली असावी, कारण तिनं ते अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं. पण शेवटी तिनं एकच गोष्ट विचारली.

"त्या मास्तराचं भांडं कुणाच्या घरी जातं?"

"कुणाच्याच नाही. ते स्वतःचं भांडं नेतच नाहीत. नेहमी विसरतात."

"विसरत न्हाईत," माय म्हणाली. "सोमवारी मी येती तुझ्यासंगं. अन् कॉलेज सोडायचं नाव पुन्हा काढू नको. त्या माणसानं ते पीठ तू खडी फोडावी म्हणून दिलं न्हाई."

सोमवारी मी तिला मास्तरांच्या दाराशी नेलं. ती डोक्यावर पदर नीट करून उभी राहिली. मास्तरांनी दार उघडलं. ही व्यंकटची माय, असं मी सांगितल्यावर ते एकदम ताठ झाले. आभार मानायला आली असणार, या भीतीनं असेल.

मायनं आभार मानले नाहीत.

"मास्तर," ती म्हणाली, "चिमूटभर हळद द्या. माझं भांडं आणायचं राहिलं. तुमच्यातच द्या. मोठं असलं तर बरं."

 मास्तरांनी वळून फळीकडं पाहिलं. फळीवर भांडी ओळीनं मांडलेली होती, ड्रिलला उभी केल्यासारखी. एकेकाकडं बोट करून ते पुटपुटले, "हे आक्काचं... ही पाटलांची कळशी... ही परात..."

"तुमचं एकबी न्हाई?"

"हाय," ते हळू म्हणाले. आत गेले. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आले तेव्हा हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेला पितळी डबा होता. झाकणावर नाव कोरलेलं: रूथ.

"बायकोचा हाय. तिच्यामागं हा कुठं गेला न्हाई," ते मायला म्हणाले. "भांडं बाहेर गेलं की माणूस वाट बघत बसतो. ते मला जमत न्हाई, बाई. दुसऱ्याचं नेऊन देणं जमतं."

"जमंल," माय म्हणाली. "मी बघती की रोज. याच्या डब्याची वाट."

त्यांनी हळद घातली. ती चिमटीपेक्षा जरा जास्तच पडली. मायनं डबा पदराखाली घेतला आणि ती संध्याकाळच्या गाडीनं गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टँडवर गेलो तर मास्तर आधीच तिथं होते. दाढी केलेली, टाचा जुळवलेल्या. "सहज आलो," म्हणाले. "वेळापत्रक वाचायचं राहिलं होतं." पण फळ्याकडं त्यांची पाठ होती. गाडीला उशीर झाला. दोन वेळा त्यांनी मला विचारलं, याच रस्त्यानं येती ना?

गाडी आली. कंडक्टरनं माझा डबा दिला आणि त्यामागून तो पितळी डबा, लुगड्याच्या त्याच तुकड्यात बांधलेला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि जरासा खाली-वर करून पाहिला.

"जड हाय," ते म्हणाले.

"उघडा की, मास्तर."

"नगं. घटकाभर असंच राहू दे."

डबा मांडीवर घेऊन ते स्टँडच्या बाकावर बसले. पोरं आपापले डबे घेऊन गेली, गाडी पुढच्या फेरीला लागली, तरी ते तसेच बसून होते, झाकणावर तळहात ठेवून. मला सगळंच विचारायची सवय. पण त्या डब्यात काय होतं ते मी त्यांना विचारलं नाही, आणि मायलाही नाही.